माईंच्या सिंगरचं टेबल: आधी कापूस, मग पॉलिश पेपर

जुन्या शिलाई मशीनचं टेबल दुरुस्तीला काढलं की बहुतेकजण आधी रंगाच्या दुकानात जाऊन पॉलिश पेपर आणतात. तुम्ही तसं करू नका. पहिल्या दिवशी फक्त कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट आणि एक मऊ ब्रश एवढंच घ्या. टेबलाच्या उजेडात न येणाऱ्या जागी, म्हणजे डावीकडच्या घडीच्या फळीच्या खालच्या बाजूला किंवा खणाच्या तोंडाच्या आतल्या कडेला, स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरून ठेवा. काढल्यावर बोट लावून बघा. चिकट लागलं आणि कापूस तपकिरी झाला, तर तुमच्या टेबलावर लाखेचं पॉलिश आहे. मग निम्मं काम झालंच म्हणून समजा, कारण लाख कितीही जुनी असली तरी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. ते पॉलिश खरवडायची गरज नसते, त्याला पुन्हा जागं करता येतं.

मी मिरजेत तीस वर्षं शिवणाचा क्लास घेतला. माझ्या आतेसासूबाईंचं, माईंचं, सिंगर मशीन माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं टेबल न्हाणीघराबाहेर उभं होतं. त्यावर बादल्या ठेवल्या जात. समोरच्या कडेचं विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, उचकटलं होतं, एक खण निघत नव्हता, दुसऱ्याला तळ नव्हता, आणि मधल्या भोकाभोवती तेल पिऊन लाकूड काळंकुट्ट झालं होतं. मला हे काम शिकवलं ते आमच्या शेजारच्या पॉलिश मिस्त्रींनी. त्यांचं सगळं आयुष्य सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना पॉलिश करण्यात गेलं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं करायला घेतली, आणि भोपळ्यावर, लाकडावर लाख चढवायचा हात तेव्हापासून या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माझ्या टेबलाकडे बघून मिस्त्री म्हणाले होते, "वहिनी, हे घासायचं नाही. हे धुवून काढायचं." आजवर अशी अकरा टेबलं मी नीट केली आणि ते वाक्य दर वेळी खरं ठरलं.

कापसाला स्पिरिटने काहीच झालं नाही, तर दुसऱ्या बोळ्यावर थिनर घ्या. थिनरने मऊ पडलं तर लॅकर आहे. दोन्हींना दाद देत नसेल तर व्हार्निश किंवा अलीकडे कुणीतरी मारलेलं मेलामाइन पॉलिश असणार. मग पेपर लागतोच, आणि खाली लिहिलेल्या पॉलिशच्या भागाचा उपयोग नव्याने चढवताना होईल. एक ताकीद मात्र इथेच देते. हा स्पिरिटचा बोळा मशीनच्या काळ्या अंगाला चुकूनही लावू नका. तिथली सोनेरी नक्षीसुद्धा लाखेच्याच थराखाली असते. एकदा पुसली गेली की ती परत येत नाही.

डोकं उतरवणं

मशीन टेबलावर ठेवून दुरुस्ती होत नाही. आधी चाकावरचा चामड्याचा पट्टा काढा. पट्ट्याच्या जोडाला तारेची क्लिप असते, ती पक्कडीने उघडा. मग मशीन मागे कलती करून तिच्या बैठकीखाली बघा. मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांच्या खुंट्या मशीनच्या भोकांत शिरलेल्या दिसतील आणि प्रत्येकीला आवळणारा एकेक स्क्रू असेल. रुंद तोंडाच्या स्क्रूड्रायव्हरने ते ढिले करा, पूर्ण काढू नका. मशीन सरळ करून दोन्ही हातांनी वर उचला. वजन दहा-बारा किलो भरतं, त्यामुळे जवळ कुणीतरी असू द्या. स्क्रू जाम असेल तर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा. जोर करून स्क्रूची खाच घालवलीत तर पुढे फार त्रास होतो.

उचललेलं मशीन चादरीवर आडवं ठेवा आणि बैठकीवरचा नंबर वाचा. माईंच्या मशीनचा नंबर वाय अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२१ ते १९३५ या काळात झालेलं. टेबलाची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. मी हाताळलेल्या अकरांपैकी चार टेबलांची वरची फळी आपल्याकडच्या कुठल्या तरी सुताराने नंतर बदललेली होती, अस्सल सागवान, विनियर नसलेली. हे ओळखायचं कसं? फळीची कड बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर ते भरीव लाकूड. कडेला जेमतेम एक मिलिमीटरचा वेगळा पापुद्रा दिसला तर विनियर. ज्यांना घासायची घाई असते, त्यांनी हा पापुद्रा डोळ्यांनी बघावा. विजेवरचा सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, लावला तर पापुद्रा पाच मिनिटांत संपतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीचं टेबल असंच गेलं. पॉलिशवाल्याने मधोमध खालचं पांढरट लाकूड उघडं पाडलं आणि त्यावर गडद रंग मारून दिला.

फळी बिडाच्या पायांना खालून स्क्रूंनी जोडलेली असते, बहुधा चार. ते काढून ठेवा आणि कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून टेपने चिकटवा. एक लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर वरून बाहेर येतो.

तेल आणि मळ

पाण्याचा फडका लावू नका. आधी कोरड्या ब्रशने कोपऱ्यांतला कचरा काढा. खणांत सुया, बटणं, मोडकी बॉबिन निघतील, ती बरणीत ठेवा. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. वर्षानुवर्षांचं तेल, मेण आणि हाताचा मळ निघून जातो आणि लाखेला काही होत नाही.

मधल्या भोकाभोवतीचं तेल मात्र लाकडाच्या आत गेलेलं असतं. ते राहिलं तर तिथे सरसही धरत नाही आणि पॉलिशही वाळत नाही. यावर आपल्या न्हाणीघरातलीच वस्तू चालते: मुलतानी माती. टर्पेंटाइनमध्ये थालीपिठाच्या पिठाएवढी घट्ट कालवून डागावर अर्धा इंच थापा, वरून प्लॅस्टिक घाला, रात्रभर ठेवा. सकाळी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा. तेल मातीत ओढलेलं दिसेल. माईंच्या टेबलाला मी हा लेप चार वेळा दिला. काळेपणा सगळा गेला नाही, पण हाताला तेलकट लागायचं थांबलं. मला एवढंच हवं होतं.

उचकटलेलं विनियर

या टेबलांतलं बहुतेक विनियर जनावरांच्या सरसाने चिकटवलेलं आहे. सरस पाण्याने आणि उष्णतेने मऊ होतो. म्हणूनच ओल लागली की समोरची कड आधी सुटते, आणि म्हणूनच ती परत बसवताही येते. नखाने टकटक करत सगळी फळी तपासा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा.

फुगलेलं आहे पण फाटलेलं नाही, अशा जागी ओलसर, पिळून घेतलेला सुती रुमाल ठेवा आणि मध्यम तापलेली साधी इस्त्री पाच-सात सेकंद फिरवा. वाफेची इस्त्री नको. खालचा सरस ऊब धरून पुन्हा चिकट होतो. लगेच वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट पाट आणि त्यावर वजन ठेवा. मी पाटा-वरवंटा ठेवते. पूर्ण दिवस हलवू नका. इस्त्रीमुळे वरची लाख पांढरट झाली तरी घाबरू नका, स्पिरिट लागलं की ती निवळते.

उष्णतेने धरलं नाही तर आत धूळ आहे किंवा सरसाचा भुगा झालाय. पातळ ब्लेड सरकवून जुना सरस खरवडा, भुगा फुंकून काढा आणि नवा सरस घाला. फुग्याला मधोमध रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्या आणि सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडा. फेव्हिकॉल चालतो का, असं मला नेहमी विचारतात. धरायला उत्तम धरतो, पण वाळलेल्या फेव्हिकॉलवर पुढच्या वेळी दुसरा सरस बसत नाही. म्हणून विनियरला मी सरसच वापरते. त्याचे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवून, डब्यात डबा ठेवून गरम करायचे, उकळू द्यायचे नाहीत. खणांच्या नव्या तळांना मात्र फेव्हिकॉल खुशाल लावा. सागवानाला काहीही चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसून घ्या, सागवानाचं स्वतःचं तेल जोड धरू देत नाही.

विनियर तुटून गेलं असेल तर तुकडा लावावा लागतो. चौकोनी तुकडा दुरूनही ओळखू येतो. होडीच्या आकाराचा कापा, दोन्ही टोकं निमुळती आणि रेषा शेजारच्या रेषांना धरून. आज मिळणारं विनियर जुन्याच्या निम्म्या जाडीचं असतं, म्हणून दोन थर द्या किंवा भंगारवाल्याकडच्या जुन्या कपाटाच्या दारातून जाड तुकडा मिळवा. आधी तुकडा कापा, तो जागेवर ठेवून सुईने कड आखा, आणि मग खालचं कापा. उलट केलंत तर फट राहते.

खण, बिजागऱ्या, भुंगा

अडकलेला खण ओढू नका. बाजूचा खण काढून आत हात घाला आणि मागून ढकला. सांधे खिळखिळे झाले असतील तर रबरी हातोडीने हलके ठोकून उघडा, कोमट पाण्याच्या ब्रशने जुना सरस धुवा, वाळू द्या आणि नव्याने जोडा. मोठे शिकंजे लागत नाहीत. सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीसारखी कापून खणाभोवती ताणून गुंडाळली की चारी बाजूंनी सारखा दाब बसतो. वाळत घालण्याआधी दोन्ही कर्ण सुतळीने मोजा, सारखे भरले तरच खण काटकोनात आहे. तळाला चार मिलिमीटरचं प्लायवूड पुरतं. खणाच्या कडांना मेणबत्ती घासा.

घडीच्या फळीच्या बिजागरीचे स्क्रू भोकांत नुसते फिरतात, ही घरोघरची तक्रार. जाड स्क्रू घालू नका. देवघरात जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या जपून ठेवा, त्या बांबूच्या असतात. फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, दुसऱ्या दिवशी वरचा भाग ब्लेडने कापा आणि जुनाच स्क्रू साबण लावून पिळा. माझ्या क्लासमधल्या टेबलाची बिजागरी अशा काड्यांवर गेली नऊ वर्षं आहे.

बारीक भोकं दिसली तर भुंगा जिवंत आहे का ते आधी बघा. खाली काळा कागद पसरून रात्रभर ठेवा. सकाळी पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर दुकानात मिळणारं लाकडाचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडा आणि सगळं प्लॅस्टिकमध्ये आठ दिवस गुंडाळा. हातमोजे घाला. कीड मारायला टेबल उन्हात ठेवू नका, विनियर तडकतं.

पाण्याचे डाग दोन तऱ्हेचे असतात. पांढरी वर्तुळं पॉलिशमध्ये असतात, ती पुढच्या कामात आपोआप जातात. काळी वर्तुळं लाकडात असतात. लोखंडाची बादली, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांनी मिळून ती केलेली असतात. तेवढ्याच जागेवरची लाख स्पिरिटने पुसून ऑक्झॅलिक अॅसिडचं गरम पाण्यातलं द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात करून ब्रशने लावा. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा, आणि वाळल्यावर पडणारी पांढरी पूड झटकू नका, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या. माईंच्या टेबलावरचं बादलीचं वर्तुळ दोन वेळच्या लेपात फिकं झालं.

लाख

आता ज्यासाठी एवढी तयारी केली ते. लाख म्हणजे किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडे पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर ती घेतात. बाजारात चपडा लाख म्हणून पातळ तुकडे मिळतात. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा घ्या. काचेच्या बरणीत घाला, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. येता-जाता बरणी हलवत राहा, एका दिवसात विरघळते. मलमलीतून गाळा आणि बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर काचेवर एक थेंब टाकून बघा. रात्रीतून कडक झाला नाही तर ती लाख टाकून द्या, ती टेबलावरही कधी वाळणार नाही. खिडक्या उघड्या असू द्या, आणि खोलीत गॅस, समई, उदबत्ती काही नको.

हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतलं. पहिल्या टेबलाला मी आषाढात हात घातला होता. उडणारं स्पिरिट लाकूड गार करतं आणि हवेतला ओलावा लाखेत अडकतो. दुपारी चकाकणारी फळी संध्याकाळी ताक सांडल्यासारखी दिसत होती. मिस्त्रींनी ती कार्तिकापर्यंत तशीच ठेवायला लावली आणि मग नुसत्या स्पिरिटने निवळून दाखवली.

जुनी लाख उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशी तडकली असेल, तर आधी तिला एकजीव करा. फळी आडवी ठेवा, मऊ ब्रश स्पिरिटमध्ये भिजवून रेषेच्या दिशेने एकेक लांब पट्टा ओढत जा. गेलेल्या जागी परत ब्रश नको. तडे आपोआप वितळून मिळून येतात. ते बघताना माझे हात दर वेळी थांबतात. खणांच्या तोंडांनाही काढून, आडवं ठेवूनच हे करा, उभ्यावर ओघळ येतात. एक दिवस वाळू द्या. मग ४०० नंबरच्या पेपरने, हाताचं वजनही न टाकता, फक्त धूळकण बसलेले तेवढे काढा. या सगळ्या कामात पॉलिश पेपर लागतो तो इथे.

आता लाख लावायची पोटली. मूठभर कापूस, त्यावर जुन्या नऊवारीचं चौपदरी मऊ सूत, खाली एकही सुरकुती नाही. लाख कापसात आतून घालायची, पोटली बुडवायची नाही. हाताच्या पाठीवर दाबून बघा, ओल दिसावी पण थेंब येऊ नये. फळीच्या बाहेरून सरकवत आत आणा आणि दुसऱ्या कडेने बाहेर न्या. पोटली फळीवर एका जागी थांबली की खालची लाख उचलते आणि डाग पडतो. पहिले थर सरळ, मग लहान गोल, मग इंग्रजी आठचा आकडा, शेवटी पुन्हा सरळ. ओढ लागायला लागली की पोटलीच्या तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट. सकाळी तीन-चार थर, मग दुसऱ्या दिवसापर्यंत सुट्टी. असे पाच-सहा दिवस. शेवटच्या दिवशी लाखेऐवजी जवळजवळ कोरडं स्पिरिट घेऊन अगदी हलक्या हाताने फिरवा, वर आलेलं तेल निघतं आणि चकाकी खोल जाते. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

लाखेला गरम चहा आणि ओला ग्लास सोसत नाही. म्हणून आठवड्याने मेण लावा. एक भाग किसलेलं मधमाशीचं मेण दोन भाग टर्पेंटाइनमध्ये दोन दिवस तसंच ठेवलं की लोण्यासारखं होतं, विस्तव लागत नाही. फडक्याने पातळ लावा, अर्ध्या तासाने लोकरीच्या तुकड्याने घासा.

माईंच्या टेबलाच्या समोरच्या कडेवर एकेका इंचावर ठोकलेल्या बारा पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, आहेत. टेप न घेता माई कापड त्यांच्यावर मोजत. डाव्या हाताच्या बांगड्यांनी तिथलं विनियर घासून किंचित खोलगटही झालंय. ती जागा मी भरली नाही आणि चुकांभोवतीचं पॉलिशही सपाट केलं नाही, फक्त लाखेचे दोन थर दिले. तुमच्या टेबलावर अशी जागा असेल तर ती आधी शोधा आणि खडूने वेगळी राखा, कारण पुसून टाकायला एक सकाळ पुरते.

बिडाच्या पायांना तारेच्या ब्रशने गंज काढून मशीनच्या तेलाचा हात द्या, पायडलच्या टोकांना दोन थेंब. रंग देऊ नका. मग फळी, मग मशीन, खुंट्यांचे स्क्रू आवळा आणि मशीन दोनदा कलती करून बघा. पट्टा जुना वापरू नका. नवा चामड्याचा पाच मिलिमीटरचा गोल पट्टा दोन्ही चाकांवरून घेऊन, फार न ताणता, टोकं जुळतील तिथे कापा आणि क्लिप लावा. आठवडाभर शिवल्यावर तो सैल पडेलच. तेव्हा क्लिप उघडून अर्धा इंच कापा आणि पुन्हा जोडा.